स्टारडस्टसमोरचं वळण

पँग्विच, युटा
२ मार्च २००९

डेल्मार,

वेंडेल तुझ्याकडून परत आला तो तोंड पाडूनच. मी विचारलं, "मामा कसा आहे?" तर म्हणतो, "आई, मामाचं काही खरं नाही."

हमरस्त्यावरून त्यानं तुला फोन केला म्हणे, घरी कसं यायचं ते विचारायला. तू सांगितलंस, "स्टारडस्टसमोर वळ, लँडमार्क ओलांड, की आलंच माझं घर." बिचारा सगळी दुपार त्या रस्त्यानं खालीवर हिंडला. शेवटी पेट्रोल पंपावर विचारलं, तर तिथला पोरगा म्हणाला की ती दोन्ही हॉटेलं पाडून टाकलीत, लँडमार्कला तर चौदा वर्षं होत आली. "जी हॉटेलं जमिनीवर नाहीत ती मामाच्या डोक्यात उभी आहेत," वेंडेल म्हणतो, "आणि असा माणूस अजून मोटार चालवतो."

तुझ्यापासून लपवून काय करू? सीडर सिटीत म्हाताऱ्यांसाठी एक घर आहे, त्यात त्यानं तुझ्या नावानं खोली बघून ठेवलीय. स्वच्छ आहे, डॉक्टर जवळ आहेत. जूनपर्यंत खोली धरून ठेवतो म्हणालेत. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझ्या भावाला म्हातारचळ लागलाय की माझ्या लेकाला रस्ते कळत नाहीत, ते मी माझ्या डोळ्यांनी बघणार आहे. एप्रिलमध्ये येते.

त्या शहरात मी एकदाच आले होते, चौसष्ट साली. पांढरे हातमोजे घालून. परतीच्या वाटेवर माझा रीड गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून देवाची माफी मागत होते. तेव्हा आता तिथं फिरायचं कसं ते नीट लिही. आठवडाभर तुझ्या दंडाला लोंबकळत राहायचा माझा विचार नाही.

पीचच्या बरण्या आणते आहे. कॉफी करून वाट बघू नकोस, चर्चला चालत नाही ते मी अजूनही पीत नाही.

आर्डिथ


लास वेगस
१० मार्च २००९

आर्डी,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो, मग परत हसलो. तुझा लेक म्हणजे उंटावरचा शहाणा! अगं, स्टारडस्ट पाडलं हे मला ठाऊक नाही? घडीची खुर्ची टाकून समोर बसलो होतो मी, नाकाला फडकं बांधून. शेजारची कॉन्सुएलो माझ्या बाजूला होती. तिनं उभा जन्म त्या हॉटेलातल्या खोल्या आवरल्या. ती ओक्साबोक्शी रडत होती आणि आजूबाजूचे लोक शॅम्पेन उघडत होते. आमच्याकडे हॉटेल पाडायचं म्हणजे जत्रा असते.

पण पाडलं म्हणून काय पत्ता बदलायचा? त्या जागी नवं काहीतरी उभं राहणार, त्याला इटलीतलं नाहीतर फ्रान्समधलं नाव देणार, आणि आपण म्हातारे व्हायच्या आत तेही उडवणार. कोण पाठ करत बसणार? इथला जुना माणूस रस्ता सांगताना गेलेल्याच हॉटेलांची नावं घेतो. न्हावी घेतो, पोस्टमन घेतो, बायका घेतात. माझ्याशी पैज लाव. एक दिवस तू एकटी नीघ आणि मी सांगेन तश्शी विचारत विचारत घरी ये. पोचलीस तर त्या खोलीत वेंडेलनं स्वतः जाऊन राहावं.

आता फिरायचं कसं ते ऐक. तीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस सांगतोय.

समोर दिसतंय ते हॉटेल जवळ आहे असं कधी समजू नकोस. वाळवंटात मोठी वस्तू जवळ वाटते. "हे काय, इथंच तर आहे," म्हणून चालायला लागलेली माणसं मी रस्त्याच्या कडेला बूट हातात घेऊन बसलेली पाहिली आहेत. तहान लागली नसली तरी पाणी पी. इथं घाम येतो तो अंगावर दिसतच नाही, हवा परस्पर पिऊन टाकते.

रस्ता ओलांडायचा तर वर पूल आहेत. पण पूल उतरलीस की पायरी थेट जुगारघरात नेते. मुद्दामच केलंय तसं. आत खिडकी नाही, घड्याळ नाही, आणि सरळ वाट तर नाहीच नाही. दार शोधत बसलीस की तासभर यंत्रांमधून गरागरा फिरशील. तिथं कोणाला "बाहेर कसं जायचं" असं विचारू नकोस, तो तुला जेवणाच्या हॉलकडे धाडील. "टॅक्सी कुठं लागतात" असं विचार. ते दार सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तिथं सावलीही असते.

टॅक्सीत बसलीस तर "बोगद्यातून नेऊ का?" असं कोणी म्हटलं की नाही म्हण. तो लांबचा फेरा आहे. पण तुला टॅक्सी लागायचीच नाही. मी तुला माझ्या गाडीतून फिरवीन. डून्स हॉटेलच्या जागी आता कारंजी नाचवतात, ती बघू. सँड्सच्या जागी होड्या चालतात, खरंच! आणि लँडमार्कला जाऊ. तिथं मोटारी लावायचं मैदान आहे नुसतं, पण मी जातो अधूनमधून.

पीच दोन बरण्या जास्त आण. कॉन्सुएलोला हव्यात.

डेल्मार


पँग्विच
१९ मार्च २००९

डेल्मार,

पैज लावणं पाप आहे, म्हणून लावली असं म्हणत नाही. पण ठरलं समज.

वेंडेलला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामा बोलतो छानच, पण बोलण्यानं गाडी चालत नाही." मी म्हटलं, तुझ्या बापालाही बोलणं जमायचं नाही आणि गाडीही.

सात एप्रिलला तो मला सीडर सिटीहून बसमध्ये बसवून देईल. दुपारी पोचते. घ्यायला ये, आणि दाढी करून ये.

आर्डिथ


लास वेगस
३१ मार्च २००९

आर्डी,

घाईत लिहितो. गाडी गॅरेजला टाकलीय, काहीतरी मोठं काम निघालंय, तू असेपर्यंत होईलसं वाटत नाही. आपण दुमजली बसनं फिरू. खरं सांगायचं तर शहर बसमधूनच चांगलं दिसतं, वरच्या मजल्यावर पुढची बाकं धरायची. मी स्थानकावर असेन. दाढी केलेली असेल.

डेल्मार


पँग्विच
२१ एप्रिल २००९

माझ्या लाडक्या भावा,

घरी येऊन आठवडा झाला तरी कानात त्या शहराचा खणखणाट आहे. चर्चमधल्या बायका घोळका करून विचारतायत. मी म्हटलं, पाप काही दिसलं नाही, माझ्याच वयाच्या बायका ढीगभर दिसल्या. ऑक्सिजनची नळी नाकाला लावून यंत्रापुढे बसल्या होत्या आणि माझ्यापेक्षा खुशीत होत्या.

त्या दिवशी मी एकटी निघाले ते सगळं तुला सांगितलं नाही, कारण दारात पाय ठेवल्याबरोबर तू "जिंकलो! जिंकलो!" म्हणून नाचायला लागलास. आता ऐक. कारंजी बघितली. चांगली आहेत, पाणी वाया जातं. मग पुलावरून उतरले आणि तू म्हणालास तश्शी जुगारघरात शिरले आणि चुकले. टॅक्सी कुठं लागतात विचारलं नि झटक्यात बाहेर आले. बसथांब्यावर एक बाई उभी होती, काळी पँट, पांढरा सदरा, पत्ते वाटायचं काम करणारी. मी भीत भीत विचारलं, "स्टारडस्टसमोर उतरायचंय, कोणती बस?" हसेल असं वाटलं. हसली नाही. म्हणाली, "हीच बस, आजी. लोखंडी सांगाडे दिसायला लागले की उठा. माझ्या आईची पहिली नोकरी तिथलीच." आणि बोलणं संपल्यावर तिनं दोन्ही तळवे उलटेसुलटे करून मला दाखवले. मला वाटलं आशीर्वादबिशीर्वाद देतेय! नंतर तू सांगितलंस की टेबलावरून उठताना हातात काही नेत नाही हे दाखवायची ती डीलरांची सवय असते, आणि ती घरीदारी सुटत नाही.

उतरल्यावर लँडमार्क कुठं म्हणून एका म्हाताऱ्याला विचारलं. तो कुत्रं फिरवत होता. तो थांबलाच. म्हणाला, "काय हॉटेल होतं, बाई! बांधताना पैसा संपला आणि कितीतरी वर्षं तसंच अर्धवट उभं होतं." त्यानं मला वळणापर्यंत आणून सोडलं. तेव्हा काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी वेंडेलची गत झाली होती. गाडीची काच खाली करून एका म्हाताऱ्याला विचारलं असतं तर पाच मिनिटांत पोचला असता.

पण डेल्मार, मला सगळ्यात आठवतो तो शनिवार. तू मला त्या मैदानात नेलंस, मोटारींच्या रांगांमध्ये उभा राहिलास आणि वर आभाळाकडे बोट करून म्हणालास, "ती तिसरी खिडकी. जोसी तिथं ट्रे घेऊन उभी असायची." मी वर बघितलं. काही नव्हतं रे, नुसतं निळं आभाळ. पण तू इतकं नेमकं बोट केलं होतंस की मीही तिसरी खिडकीच बघत राहिले. पहिल्या दिवशी ती तुझ्या अंगावर सूप सांडून वर तुलाच रागावली, हे तू मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतंस. आपल्या बाबांनी तिचं तोंड बघायचं नाकारलं, आणि मीही तुमच्या लग्नाला आले नाही. आले असते तर ती खिडकी मलाही दिसली असती.

असो. ज्याला एवढं आठवतं त्याला म्हातारचळ लागला म्हणणाऱ्यालाच डॉक्टरकडे न्यायला हवं. मी वेंडेलला सांगून टाकलं, खोली सोडून दे म्हणून. तो जरा कुरकुरला, पण सोमवारी फोन करतो म्हणाला.

आणि हो, शाळेला सुट्टी लागली की जूनमध्ये तो आपल्या नातींना तुझ्याकडे चार दिवस सोडणार आहे. वेंडेलनं स्वतःहून काढलं हे, म्हणजे बघ! पोरी आत्तापासून नाचतायत. तोवर तुझी गाडी झाली असेल. माझ्यावेळी नाही जमलं, पण त्यांना गाडीतून सगळं शहर दाखव.

तुझी
आर्डी


लास वेगस
२९ एप्रिल २००९

आर्डी,

वेंडेलनं फोन केला नसेल तर त्याला थांबव.

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता सरळच लिहितो. गाडी गॅरेजला नव्हती. कॉन्सुएलोच्या दारात, ताडपत्रीखाली उभी होती. तू रोज तिच्यावरून गेलीस. किल्ली कॉन्सुएलोकडे आहे.

तू यायच्या आधीच्या आठवड्यात मी दूध-पाव आणायला गेलो. नेहमीचं दुकान, नेहमीचा रस्ता, टळटळीत दुपार. येताना सिग्नलला थांबलो आणि समोर बघतो तर काहीच ओळखीचं नाही. समोर चांगली डोंगराएवढी इमारत. रोज बघतो मी ती. तिचं नाव येईना. ती माझ्या घराच्या अलीकडे की पलीकडे, ते कळेना. मागचे भोंगे वाजवायला लागले म्हणून जिथं वाव दिसला तिथं गाडी घातली, तो निघाला एका नव्या हॉटेलचा वाहनतळ. मग वर वर चढत गेलो, गोल गोल. खाली यायची वाट सापडेना. टॅक्सी चालवली गं मी तीस वर्षं!

रखवालदारानं थांबवलं. पोरगा सज्जन होता, नुकताच ओहायोहून आलेला. म्हणाला, "आजोबा, घर कुठं?" मी म्हटलं, लँडमार्कच्या मागं. त्याला काय कळणार? रस्त्याचं नाव विचारलं त्यानं. मला येईना. माझ्या स्वतःच्या रस्त्याचं नाव, आर्डी. पाकिटात कॉन्सुएलोचा नंबर होता म्हणून बरं. ती जावयाला घेऊन आली. घरी आल्यावर तिनं हात पुढं केला आणि मी किल्ली दिली.

त्यानंतर दोनदा झालंय, पायी असताना. गेलेलं सगळं लख्ख आहे. तिसरी खिडकी लख्ख आहे. उभं असलेलंच पुसलं जातंय. तू होतीस तेव्हा मी तुला जुन्या जागाच दाखवल्या, लक्षात आलं का? नव्याजवळ नेलंच नाही तुला.

वेंडेल बरोबर बोलला होता, फक्त कारण चुकलं होतं. मी गप्प बसलो असतो तर जिंकलो होतो. गप्पच बसणार होतो, तुझी शपथ. पण तू त्या पोरींचं लिहिलंस. त्या गाडीत नसल्या तरी माझा हात धरून रस्त्यावर असतील, आणि मध्येच मला काही ओळखू येईनासं झालं तर? ते नको.

तेव्हा खोली राहू दे. त्या सीडर सिटीत खिडकीतून काय दिसतं ते कळव.

डेल्मार


पँग्विच
६ मे २००९

डेल्मार,

तुझं पत्र आलं तेव्हा मी मागच्या अंगणात वाफ्यांना पाणी सोडत होते. वाचून पायरीवर बसले. पाणी शेजाऱ्याच्या बटाट्यांत गेलं, जाऊ दे.

आधी तुला रागावते. ताडपत्रीखालची गाडी माझ्या नाकासमोर होती आणि मी मूर्खासारखी रोज तिच्यावरून जात होते. गॅरेजवाल्याला काय शिव्या दिल्या मी मनातल्या मनात! म्हणे शहर बसमधूनच दिसतं! लहानपणी खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे, आता होत नाहीत. हे वय झाल्याचं खरं लक्षण.

आता ऐक. वेंडेलनं फोन केलाच नव्हता, खोली तशीच आहे. तिच्या खिडकीतून टेकडी दिसते. लाल टेकडी. मी काल जाऊन बसून आले तिथं, मुद्दाम वेंडेलला घेऊन गेले. बायका प्रेमळ आहेत, चादरी पांढऱ्याशुभ्र. तू तिथं महिन्याभरात विरघळून जाशील. डेल्मार, सीडर सिटीत तुझं काहीच पाडलेलं नाही, तू तिथं रस्ता शोधणार कशावरून? जोसीची खिडकी दाखवायला तिथं कोणत्या आभाळाकडे बोट करशील?

म्हणून जूनमध्ये मीच येते आहे, कायमची. विचारत नाही, सांगते आहे. घर वेंडेलला देते, त्याच्या थोरल्या मुलाला हवंच होतं. वेंडेल ओरडला, "आई, तू? एक्याऐंशीव्या वर्षी? त्या शहरात?" मी म्हटलं, अरे, तिथं माझ्याच वयाच्या बायका भरल्यात. आमचे बिशप आले समजवायला. त्यांना म्हटलं, तिथंही आपलं चर्च आहे, मी शोधून आलेय. आणि नसतं तरी आले असते, पण हे त्यांना म्हटलं नाही.

कोणाला वाटेल मी त्याग करतेय. तसलं काही मनात आणू नकोस. इथं सगळं जागच्या जागी उभं आहे. रीडचं धान्याचं कोठार, शाळा, पूल, एक वीट हललेली नाही. फक्त माणसं गेली. मी रोज संध्याकाळी दोघांची ताटं काढते आणि एक परत ठेवते. आठवडाभर तुझ्याकडे होते, एकदाही तसं झालं नाही. तुला सांगणार नव्हते. तू सांगितलंस म्हणून मीही सांगितलं.

नवं शहर मी पाठ करीन. रस्त्यांची नावं, बसचे आकडे, कोणतं हॉटेल कुठल्या बाजूला, सगळं. बायबलमधल्या वंशावळ्या पाठ केल्यात मी, त्याच्यापेक्षा सोपंच असेल. जुनं शहर तुझ्याकडे. दोघांत मिळून एक अख्खं शहर होईल, आणि पोरी आल्या तर एक हात तुझा धरतील, एक माझा.

पुढं काय होणार ते मला ठाऊक आहे. मी रीडच्या आईचं केलंय. मला घाबरवू नकोस.

कॉफीचा वास मी सहन करीन. परसातल्या खोलीत तुझे पत्त्यांचे जोड आणि बुटांची खोकी आहेत, ती हलव.

आर्डिथ


लास वेगस
१५ मे २००९

आर्डी,

खोकी हलवली. कॉन्सुएलोनं खोली पुसून घेतली, खिडकीला पडदा लावला. गाडी तिच्या जावयाला देऊन टाकली, तो पोरांना शाळेत सोडायला नेतो. सकाळी समोरून जाताना भोंगा वाजवतो, बरं वाटतं.

तू येऊ नकोस, तुझं म्हातारपण माझ्यापायी कशाला नासवतेस, असं छान पत्र लिहायला मी बसलो होतो. दोन ओळी झाल्याही होत्या. मग उठलो, बाहेर जाऊन उभा राहिलो. समोरच्या घरातली बाई हात हलवून काहीतरी बोलली. हसरा चेहरा, वर्षानुवर्षांची ओळख, मीही हसलो, हात हलवला. ती आत गेल्यावर कळलं की तिचं नाव मला येत नाही. आजवर इमारतीच जात होत्या.

मला भीती वाटते गं. हे जोसी गेल्यापासून मी कोणाला म्हटलं नव्हतं.

जून कशाला? पीचच्या बरण्या बांधत बसू नकोस, घराची कागदपत्रं वेंडेल बघेल. लवकर ये. अजून तू मला नीट आठवतेस.

डेल्मार